घाटंजीच्या अलीकडे मी पहिली आले

धामणगावला रेल्वेतून उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पाठपिशवी होती आणि पलंगाएवढी पेटी. पेटीत सायकल. यवतमाळची एसटी उभीच होती. कंडक्टरने पेटीभोवती एक फेरी मारली, बोटाने टकटक करून पाहिलं आणि विचारलं, "काय हाय वो ताई यात? टीव्ही?"

"सायकल आहे."

"सायकल? मंग पेटीत घालून कायले फिरवून राह्यल्या? चालवत आणाची न!"

अख्खी एसटी हसली. मीही हसले. मिरजेहून इथवर मी सायकल चालवायलाच आले होते आणि सायकलच माझ्या उरावर बसून आली होती. शेवटच्या आडव्या सीटसमोर ती पेटी उभी केली, पडू नये म्हणून रस्ताभर कवटाळून बसले. शेजारच्या बाईने मला अर्धं संत्रं दिलं आणि ती पुढच्या स्टॉपला उतरून गेली. त्या दिवसात माझ्याशी आपणहून बोललेली माणसं एवढीच.

आमचा संघ विमानाने नागपूरला उतरणार होता. संघ म्हणजे पाच मुली, एक मॅनेजर, एक मेकॅनिक. मुली हरियाणातल्या, मणिपूरच्या, केरळच्या. मराठी मी एकटी आणि वयाने सगळ्यांत थोरली, म्हणून सगळ्यांची 'दीदी'. दीदी म्हटलं की कामं सांगायला सोपं जातं. शर्यतीत माझं काम ठरलेलं: पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, वारा आपल्या अंगावर घ्यायचा, आणि आमची लीडर सिमरन हिला शेवटच्या टप्प्यापर्यंत ताजंतवानं पोचवायचं. मग ती जिंकते. आम्ही मागून येतो. व्यावसायिक सायकलिंग म्हणजे हेच. लोकांना वाटतं सगळ्या जिंकायला निघाल्यात. डोंबलाचं!

पण या खेपेला माझंही काही अडकलं होतं. उन्हाळ्यात पडून गळ्याखालचं हाड मोडलं होतं, आणि त्यानंतरच्या दोन्ही शर्यती मी अर्ध्यात सोडल्या होत्या. मॅनेजरने फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "दीदी, यवतमाळच्या निकालात तुमचं नाव दिसू दे. शेवटचं असलं तरी चालेल. दिसलं तर पुढच्या हंगामाचा करार, नाहीतर..." ते 'नाहीतर' त्याने तसंच सोडून दिलं. निकालात नाव येण्यासाठी नुसतं पोचून भागत नाही. पहिल्या येणारीनंतर ठरावीक वेळेच्या आत पोचावं लागतं. उशीर झाला की बाद, मग तुम्ही कितीही घाम गाळलेला असो.

यवतमाळ उंचावर आहे. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, सकाळी चांगलाच गारठा होता. हॉटेलात सिमरन माझ्या खोलीत होती. भली पोरगी, पण कानात ते इअरफोन घालून झोपायची, घालूनच उठायची. मी सकाळी एकटीच बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री-पोहे (पोह्यांवर ओतलेला झणझणीत हरभऱ्याचा रस्सा) खाल्ले. शर्यतीच्या दिवशी असलं खायचं नसतं. गाडीवाल्याने विचारलं, "तर्री अजून टाकू का?" मी म्हटलं, टाका. कुणीतरी काहीतरी आग्रहाने वाढत होतं, नाही कसं म्हणणार?

मार्ग असा: यवतमाळहून उतरत कळंब, तिथून राळेगाव, मग आतल्या रस्त्यांनी घाटंजी, आणि घाटंजीहून चढ चढत पुन्हा यवतमाळ. कळंबपर्यंत मजा आली. उतार, थंड वारा, पन्नासेक सायकलींच्या साखळ्यांची एकत्र सळसळ. गर्दीत असलं की सायकल हलकी चालते. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, मधेच तुरीचा पिवळा पट्टा, मधेच सोयाबीन काढून मोकळी पडलेली काळी जमीन. राळेगावात शाळेच्या मुली कॅरियरच्या सायकली घेऊन रांगेत उभ्या होत्या. एकीने ओरडून विचारलं, "घंटी काहून नाही तुमच्या सायकलले?" मला उत्तर द्यायचं होतं, पण तोवर शाळा मागे गेली. सायकलवरून जग असंच दिसतं, प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर देईपर्यंत गाव संपलेलं असतं.

राळेगाव सोडलं आणि सिमरनचं पुढचं चाक पंक्चर झालं.

आमची गाडी मागे अडकली होती. नियम साधा आहे: लीडरचं चाक गेलं की दीदीने आपलं द्यायचं. मी थांबले, चाक काढलं, तिच्या सायकलला लावलं, पाठीवर हात ठेवून ढकललं. ती "थँक्स दीदी" म्हणाली आणि गेली. मग आमची गाडी आली. ती माझ्यापाशी थांबेल म्हणून मी हात वर केला. मॅनेजरने काचेतून हातानेच 'मागची गाडी देईल' अशी खूण केली आणि गाडी सिमरनच्या मागे निघून गेली. सगळ्या संघांना सामान पुरवणारी एक गाडी असते, ती आपली पुढेच होती.

तर मी उभी. हातात फुसकं चाक, सायकल नाकावर पडलेली. हळूहळू सगळ्या गाड्या गेल्या, धूळ बसली, आणि ते सगळं शांत झालं. कापसाच्या शेतांत इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. मोटारसायकलवर चाऱ्याचा भारा घेऊन एक गृहस्थ आले, थांबले, सायकलकडे बघत राहिले.

"चाक कुठं गेलं?"

"दिलं."

"कोनाले?"

"पुढे गेलेल्या मुलीला."

"अन तुमचं काय?"

"मी उभी आहे."

त्यांनी मान हलवली. "भलतंच हाय बुवा तुमचं सायकलिंग," म्हणाले आणि भारा सावरत निघून गेले. त्यांचं काय चुकलं? मलाही तेच वाटत होतं.

सामानाची गाडी वळसा घालून परत आली तोवर शर्यत केव्हाच दिसेनाशी झाली होती. चाक मिळालं. मी अंगात होतं नव्हतं ते सगळं पायांत ओतलं, पण एकटीने किती पाठलाग करणार? सरळ रस्ता, समोरून वारा, पुढे कुणी नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते मी. जिथे आमचा मेकॅनिक खाण्याची झोळी घेऊन उभा असायला हवा होता, तिथे केळ्याची सालं पडली होती, माणूस नव्हता. मी शर्यत सोडली असेल असं समजून तो पुढे निघून गेला होता. माझ्या बाटलीत घोटभर पाणी आणि खिशात काहीच नाही.

मग मागून झाडूगाडी आली. आम्ही तिला तेच म्हणतो, मागे राहिलेल्यांना झाडून नेणारी. तिच्यामागे अँब्युलन्स, लाल दिवा फिरवत, आणि त्यामागे पोलिसांची जीप. झाडूगाडीत दोन मुली आधीच बसल्या होत्या, तोंड उघडं टाकून झोपलेल्या. पुढच्या सीटवर पंचबाई: नागपूरच्या, पांढरा शर्ट, चेहऱ्याची इस्त्री न मोडलेली. बसायचं म्हटलं की त्या बसणारीच्या पाठीवरचा नंबर काढून घेतात. आणि चालवायला देविदासभाऊ, इथलेच, बोलके.

"ताई, बसून घ्या न," त्यांनी खिडकीतून हाक मारली. "कायले जीव काढून राह्यल्या? गाडीत पंखा बी हाय."

"नाही बसत."

"देविदास, रायडरशी बोलायचं नाही," पंचबाई म्हणाल्या.

थोडं अंतर गेलं. "बोलत नाही म्या," देविदासभाऊ म्हणाले. "नुसतं सांगून राह्यलो, पंखा हाय म्हनून."

त्यांच्यामुळे बरं वाटलं, आणि त्यांच्यामुळेच जास्त एकटं वाटलं. मागे तीन गाड्या, सगळ्या मी थांबायची वाट बघतायत. सागाचं थोडं जंगल लागलं, मग पुन्हा कापूस. पोटात आग, डोळ्यांपुढे काजवे. सायकलवर भूक अशी येते की पाय आपले राहत नाहीत. मी मनात ठरवत होते, त्या बाभळीपर्यंत जायचं. मग त्या दगडापर्यंत. खोटं कशाला बोलू, मी रडत होते. चष्मा होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

घाटंजी जवळ आलं असताना एका वळणावर सात-आठ बायका रस्त्यात धावत आल्या. डोक्याला रुमाल, कमरेला ओटी बांधलेली. एकीच्या हातात ताट.

"आली वो आली! पयली आली!"

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं, म्हणजे त्या मलाच म्हणत होत्या.

नंतर उलगडा झाला तो असा. त्यांच्या वावरात (शेतात) त्या दिवशी सीतादही होती. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी शेतात पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मग पहिलं बोंड वेचतात. शर्यत येणार हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या येणारीला ओवाळायचं, असंही ठरलं होतं. पण पूजा वावराच्या मधोमध, आणि पऱ्हाटी (कपाशी) छातीएवढी. पन्नास सायकली गेल्या तरी आवाज तो काय होणार? सायरन ऐकू आला, तो कुणा पुढाऱ्याचा असेल म्हणून कुणी उठलं नाही. पूजा आटोपून रस्त्यावर आल्या तर दुरून दिसली एक बाई, एकटी, आणि तिच्यामागे लाल दिव्याची गाडी, पोलिसांची जीप. आपल्याकडे गाड्यांचा ताफा कुणाच्या मागे असतो? मोठ्या माणसाच्या. मग ही पहिलीच!

बाजूने निघून जाण्याइतकी जागा होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. डाव्या अंगाला मातीची पट्टी होती, मी सहज जाऊ शकले असते. पण दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी माझी वाट बघत होतं. मी ब्रेक दाबले.

ताट धरलेल्या बाई साठीच्या असतील, काटक, लुगडं नेसलेल्या. त्यांना सगळ्या गिरजाबाई म्हणत होत्या, वावर त्यांचं. त्यांनी माझ्या घामट कपाळावर कुंकू टेकवलं, ओवाळलं आणि दहीभाताचा मोठा घास थेट तोंडात घातला. गार, आंबट, वर मिठाचा खडा. काय सांगू, त्या घासासाठी मी करार, हंगाम, सगळं देऊन टाकलं असतं. गिळायच्या आत दुसरा घास आला.

"चाल आता," गिरजाबाई म्हणाल्या. "पयलं बोंड तुह्या हातानं तोडू. पयल्या आलेल्या लेकीच्या हातानं तोडलं त वावराले लय चांगलं."

आली का पंचाईत! आता खोटेपणाने शुभशकुन करायचा? मी घास गिळला आणि म्हटलं, "काकू, मी पहिली नाही. शेवटची आहे. सगळ्या केव्हाच पुढे गेल्या."

गिरजाबाईंच्या सुनेने, मंदाने, मागे बोट दाखवलं. "मंग ह्या एवढ्या गाड्या कायच्या?"

"मी पडले की मला उचलायला."

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्याच हसल्या, मीसुद्धा. फक्त मंदा हसली नाही. ती सासूच्या कानाशी लागून, पण मला ऐकू येईल अशी म्हणाली, "आत्याबाई, शेवटलीच्या हातानं पयलं बोंड? बरं नाही दिसत थे."

मी म्हटलं, "त्यांचं बरोबर आहे. मी निघते." आणि पाय पॅडलवर ठेवला. खरं सांगते, आख्ख्या दिवसात तेवढं मला लागलं. शर्यतीत शेवटची असणं निराळं, आणि कुणाच्या वावराला आपला हात चालू नये हे निराळं.

गिरजाबाईंनी हँडल धरलं. ताट मंदाच्या हातात दिलं, जरा विचार केला. "काहून बरं नाही? पयल्या वेचणीले त सबन झाडं फुटतेतच. कापूस टिकाले पायजे शेवटल्या वेचणीलोक (शेवटच्या वेचणीपर्यंत). हे शेवटली हाय न, अन अजून बसली नाही गाडीत. हिच्याच हातानं तोडू."

मी सायकल मंदाच्या हाती दिली, टणक तळव्यांच्या बुटांवर खुरडत वावरात गेले आणि पहिल्याच झाडाचं फुटलेलं बोंड ओढलं. कापूस अलगद हातात आला, उन्हाने कोमट झालेला. गिरजाबाईंनी त्यातला थोडा माझ्या खिशात कोंबला. "जाय आता. पळ!" मंदाने सायकल ढकलली, अगदी मी सिमरनला ढकललं तशी, पाठीवर हात ठेवून.

मागे वळून पाहिलं तर देविदासभाऊंच्या हातातही दहीभाताचा द्रोण होता. पंचबाई घड्याळ बघत होत्या.

पोटात भात गेला आणि पाय परत आले. घाटंजीतून गेले तेव्हा बाजार भरला होता, बंदोबस्त उठला होता. मी बैलगाड्यांच्या आणि वांग्यांच्या ढिगांच्या मधून वाट काढली. कुणी बघितलं, कुणी नाही. मग चढ. ऊन कलत होतं, मी उभी राहून पॅडल मारत होते, आणि जीव तोडून म्हणजे काय ते मला त्या चढाने शिकवलं. देविदासभाऊ आता बसा म्हणत नव्हते. ते हळू आवाजात म्हणत होते, "चाला ताई, चाला, चाला." पंचबाईंनी त्यांना एकदाही गप्प केलं नाही.

यवतमाळात शेवटच्या रेषेवरची कमान खाली उतरवत होते. मी तिच्या खालून गेले तेव्हा ती निम्मी जमिनीला लागली होती. आमच्या संघाचं कुणी नव्हतं. कळलं की सिमरन पहिली आली, बक्षीस समारंभ होऊन सगळे हॉटेलवर गेले. म्हणजे माझं चाक शर्यतीत पहिलं आलं होतं. मी तेवढी मागे राहिले होते.

पंचबाई गाडीतून उतरल्या. त्यांनी घड्याळ दाखवलं. वेळ उलटली होती, पण थोडक्यात. वावरात गेला होता तेवढाच वेळ.

"रस्ता अडवला गेला तर तेवढी मिनिटं वजा करता येतात," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा लागला. "त्या बायका रस्त्यात आडव्या आल्या होत्या. मी तसं लिहू शकते. तुम्ही फक्त हो म्हणा."

फक्त हो. एका शब्दात हंगाम, जर्सी, पगार, सगळं परत मिळत होतं. मी ओठ उघडलेही. पण तोंडात अजून दह्याची चव होती. दिवसभर जग मला ओलांडून गेलं, माझीच गाडी मला सोडून गेली. ज्यांनी मला थांबवून जेवू घातलं, त्यांना मी 'अडथळा' म्हणू? त्या कागदावर?

"नाही," मी म्हटलं. "रस्ता मोकळा होता. मी माझ्या पायाने थांबले."

त्या माझ्या पाठीमागे गेल्या, नंबर काढला. नियमाने तो त्यांच्याकडे जमा व्हायचा. त्यांनी घडी घालून माझ्या हातात दिला.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. मॅनेजर म्हणाला, "अरे दीदी, तुम्ही पोचलात? आम्हाला वाटलं गाडीत बसलात." दुसऱ्या दिवशी संघ नागपूरला गेला, मी पेटी घेऊन धामणगावला. निकालात माझं नाव नव्हतं. काही दिवसांनी 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' असा निरोप आला. शुभेच्छा! कुठल्या वाटचालीला, ते त्यात नव्हतं. घरी सगळे जपून बोलत होते. मी पहाटे एकटीच सायकल घेऊन निघायची, आणि कुणासाठी चालवतेय हे न कळून अर्ध्यातून परत यायची. तो हिवाळा वाईट गेला. खिशातला कापूस मी देवघरात ठेवला होता, सरकीसकट.

होळीच्या सुमारास एक अनोळखी नंबर वाजला.

"ताई, देविदास बोलून राह्यलो. झाडूगाडीवाला. वळखलं का?"

"पंखा आहे का गाडीत?" मी विचारलं. ते खो खो हसले.

"निरोप हाय तुमच्यासाठी. थे गिरजाबाईचं वावर, थे माह्या साळ्याच्याच गावाचं निघालं. काल त्यायची शेवटली वेचणी झाली. आजूबाजूची पऱ्हाटी कवाचीच उपटून झाली, अन हिच्या वावरात बोंडं फुटूनच राह्यली होती. मंदा म्हने, त्या पयलीले कळवा."

"शेवटलीला," मी म्हटलं.

"नाही नाही. तिकडं तुमचं नाव 'पयली'च पडलं हाय. लेकरं बी तेच म्हनतेत. गिरजाबाई इचारते, यंदाच्या सीतादहीले येता का? बोंड तुमच्याच हातानं तोडाचं म्हने."

मी फोन घेऊन देवघरापाशी गेले. ते हॅलो हॅलो करत राहिले. शेवटी मी म्हटलं, "येते म्हणून सांगा."

पेटी मी माळ्यावर टाकून दिली आहे. मिरजेहून घाटंजी पुष्कळ लांब आहे, पण या खेपेला सायकल चालवत नेणार. वाटेत कुणीही थांबवलं तरी थांबायला हरकत नाही. हँडलला एक घंटीही लावून घेतली आहे, राळेगावच्या त्या मुलीसाठी.